फोडणीआधीची वाटी : कुत्र्याला काय द्यावे, काय देऊ नये

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा आमच्याकडून इतिहासावरील लेखाची अपेक्षा असणार हे उघड होते. तो आमच्या अध्यापनाचा विषय. परंतु या अंकाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव असे तिघेही एकत्र वाचणार आहेत, म्हणून आम्ही एक जुने ऋण फेडण्याचे ठरवले. वसतिगृहात राहून गेलेल्या अनेकांना भोजनगृहाच्या मागच्या दाराशी बसणारी भुरी आठवत असेल. ती कशाने गेली, हे आम्ही आजवर सर्वांसमोर सांगितले नव्हते.

त्या वर्षी १४ एप्रिलला जयंतीचे भोजन थाटात झाले. पुलाव होता, कांदा-लसणाच्या वाटणाचा रस्सा होता, मनुके घातलेला शिरा होता. अन्न पुष्कळ उरले. जयंतीच्या दिवशी कोणी उपाशी राहू नये, या भावनेने मुलांनी भुरीला दुपारी आणि रात्री पोटभर वाढले. वाढणाऱ्यांना आम्ही शाबासकीही दिली. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. उन्हाने झाले असेल म्हणून आम्ही दिवसभर थांबलो. तिसऱ्या दिवशी ती उठेना. पशुवैद्यांनी तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘खायला काय काय दिले होते?’ आम्ही पदार्थ सांगत गेलो. ‘मनुके’ म्हणताच त्यांनी मान वर केली. तिची मूत्रपिंडे काम करीनाशी झाली होती. पाचव्या दिवशी ती गेली. तिला पुरताना सहावीतल्या एका मुलाने विचारले, ‘सर, आपण तर तिला आपल्याच ताटातलं चांगलं दिलं होतं ना?’

त्या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. पुढे पशुवैद्यांना विचारून, वाचून जे कळले ते या लेखात मांडत आहोत.

उष्टे आणि अन्न

अन्न देण्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे आणि दारोदार मिळणारे उष्टे तुकडे घेणे सोडून द्या, असे आवाहन केले. त्याच परिषदेनंतर लोक चवदार तळ्यावर गेले. त्या तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. हे सांगताना आपण ‘कुत्र्यापेक्षाही हीन वागणूक’ असे म्हणतो, ते खरेच आहे. मात्र आपला लढा कुत्र्याला पाणी का मिळते याविरुद्ध कधीच नव्हता. माणूस आणि कुत्रा यांना एकाच तुच्छतेने गावाबाहेर बसवले ते मनुस्मृतीने. तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्रे व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे विधान आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच तिचे दहन झाले.

स्वतः बाबासाहेबांना कुत्र्यांविषयी प्रेम होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेले त्यांचे कौटुंबिक छायाचित्र अनेकांच्या घरी असेल. त्यात रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव यांच्यासोबत त्यांचा लाडका टॉबीही आहे.

बौद्ध परंपरेतही कुत्र्याला मानाची जागा आहे. जातककथांमधील कुक्कुर जातक मुलांना आम्ही दर वर्षी सांगतो. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात राहिला, पावसात भिजला आणि त्याचे चामडी पट्टे कुत्र्यांनी खाल्ले. राजाने नगरातील सर्व कुत्री मारण्याची आज्ञा दिली. राजवाड्यातील पाळीव कुत्री तेवढी वगळली. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा नायक असलेला बोधिसत्त्व राजसभेत गेला. दुबळ्यांना मारणे आणि वाड्यातल्यांना सोडणे हा न्याय नव्हे, असे त्याने राजाला सुनावले आणि पुरावा म्हणून वाड्यातील कुत्र्यांना ताकात गवत कुस्करून पाजायला लावले. त्यांना उलटी झाली आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले. आरोप करण्याआधी तपास करावा, हा या कथेचा बोध आम्ही सांगत असू. भुरी गेल्यावर तीच कथा आम्हाला निराळी वाटू लागली. कुत्र्याच्या पोटात काय जाते आणि त्याचे पुढे काय होते, हे त्या बोधिसत्त्वाला ठाऊक होते. आम्हाला नव्हते.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. औषधी वनस्पती, मुळे व फळे जेथे नव्हती तेथे ती आणून लावली, रस्त्यांवर विहिरी खोदल्या, असे तो लेख सांगतो. पशूंविषयीच्या करुणेला तेथे वैद्यकाची जोड आहे. प्रज्ञा आणि करुणा ही दोन मूल्ये आपण वंदनेत एकत्र उच्चारतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातही ती एकत्रच हवीत.

कुत्रा भाकरी कशी पचवतो?

आपल्या भागात माणसाची आणि कुत्र्याची सोबत फार जुनी आहे. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला कांस्याच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांतील बैल जुंपलेल्या रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. माणसाच्या वस्तीत इतकी सहस्रके राहिल्याने कुत्र्याच्या पचनातही बदल झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असे आढळले की, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराचे जनुक लांडग्यात साधारण दोन प्रतींत असते, तर कुत्र्यात त्याच्या ४ ते ३० प्रती असतात. म्हणून शिजवलेला भात किंवा भाजलेली भाकरी कुत्रा पचवू शकतो. लांडग्याला ते तितके साधत नाही.

एवढ्यावरून ‘माणूस खातो ते कुत्रा खातो’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. काही पदार्थ आपल्या शरीरात सहज मोडले जातात, तेच कुत्र्याच्या शरीरात रेंगाळतात किंवा रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांना इजा करतात. भाकरी आणि भाताने त्याचे पोट भरते, पण त्याला प्रथिनेही पुरेशी लागतात. केवळ भाकरीवर वाढलेले कुत्रे हाडकुळे आणि निस्तेज दिसते, ते यामुळे.

निर्धास्तपणे देता येईल असे

आपल्या घरात आणि भोजनगृहात रोज असणाऱ्या पदार्थांचाच विचार करू. मोकळा, मऊ शिजवलेला भात. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, कुस्करून व पाण्यात किंवा साध्या वरणात भिजवून. फोडणी न दिलेले, मऊ शिजलेले मुगाचे किंवा तुरीचे वरण. हे चालते. पूर्ण उकडलेले अंडे हा प्रथिनांचा स्वस्त आणि उत्तम स्रोत आहे. मीठ-मसाला न घालता उकडलेले कोंबडीचे मांस, हाडे व कातडी काढून, द्यावे. आजारातून उठलेल्या कुत्र्याला असे मांस आणि मऊ भात एकत्र देण्याचा सल्ला पशुवैद्य अनेकदा देतात.

भाज्यांमध्ये उकडलेला लाल भोपळा, गाजर, रताळे, फरसबी आणि काकडी चालते. बटाटा सोलून, उकडून, थोडा द्यावा. हिरवट झालेला किंवा कोंब आलेला बटाटा देऊ नये. फळांमध्ये केळ्याचे दोन-चार काप, बिया काढलेले सफरचंद, बिया काढलेली पपई, साल व बिया काढलेले कलिंगड ही उन्हाळ्यात चांगली. आंब्याचा गर थोडा चालतो, मात्र कोय हाती लागू देऊ नये. ती घशात किंवा आतड्यात अडकते. दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या टोपल्या मांडल्या जातात, त्या ऋतूत विशेष काळजी घ्यावी. सीताफळाचा गर किंचित चाटला तर बिघडत नाही, पण त्याच्या बिया विषारी असतात. उवा मारण्यासाठी त्यांची पूड वापरण्याची रीत आपल्याकडे होतीच; त्यावरून काय ते ओळखावे.

दुधाविषयी गैरसमज फार आहेत. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात. त्याऐवजी साधे दही किंवा मीठ-जिरे न घातलेले पातळ ताक थोडे द्यावे.

प्रमाणाचा नियम सोपा आहे. ज्या कुत्र्याला त्याचा समतोल आहार वेगळा मिळतो, त्याला आपल्या ताटातील खाऊ दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून अधिक देऊ नये. आपल्याकडील १५ किलो वजनाच्या देशी कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ९०० किलोकॅलरी लागतात. त्याचा दहावा भाग म्हणजे जेमतेम एक उकडलेले अंडे. वस्तीतल्या, आपल्याच अन्नावर जगणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत भात-भाकरीसोबत अंडे, मांस किंवा दही नियमित मिळेल, एवढे तरी पाहावे.

कधीही देऊ नये असे

पहिला क्रमांक कांदा आणि लसणाचा. कच्चा, शिजलेला, तळलेला, वाळवून मसाल्यात कुटलेला, कोणत्याही रूपातील कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा हे त्रासाचे प्रमाण मानले जाते. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, एक-दोन मध्यम कांदे, पुरेसे आहेत. रोज थोडा थोडा कांदा पोटात गेला तरी परिणाम साचत जातो. लक्षणे लगेच दिसत नाहीत. काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, कुत्रे धापा टाकते. लसूण तर वजनाच्या मानाने कांद्याहून तीव्र आहे.

दुसरा क्रमांक द्राक्षे, मनुके आणि बेदाणे यांचा. यांचे सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. एखादे कुत्रे मूठभर खाऊन सुखरूप राहते, तर दुसऱ्याची मूत्रपिंडे थोड्यानेच दोन-तीन दिवसांत निकामी होतात. त्यामागे द्राक्षातील टार्टारिक आम्ल असावे, असे संशोधकांचे मत आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच मूत्रपिंडाचा विकार झाल्याची नोंद आहे, कारण तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. आपल्या आमटीत आणि चटणीत चिंच असते, म्हणून ही गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी.

तिसरे चॉकलेट. त्यातील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून हळू बाहेर पडते. उलट्या, अस्वस्थता, हृदयाचे अनियमित ठोके आणि झटके अशी लक्षणे दिसतात. चॉकलेट जितके गडद तितका धोका अधिक. चहा-कॉफीतील कॅफीनही त्याच कुळातले. वाढदिवसाच्या केकचा तुकडा प्रेमाने पुढे करण्यापूर्वी हे आठवावे.

चौथे झायलिटॉल. ‘साखरविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या च्युइंगममध्ये आणि काही टूथपेस्टमध्ये ही गोडी असते. कुत्र्याच्या रक्तातील साखर यामुळे तासाभरात धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते, पुढे यकृतालाही इजा होते.

पाचवे शिजवलेली हाडे. ‘कुत्र्याला हाड’ ही आपल्या भाषेत रुजलेली जोडी आहे, परंतु शिजल्यावर हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार कपच्या होतात आणि त्या घसा व आतडी फाडू शकतात. मटणाच्या रश्श्यातील हाडात तर कांदा, लसूण, मीठ, तेल हे सारेच मुरलेले असते.

याखेरीज तेलकट-तुपकट पदार्थांनी स्वादुपिंडाला सूज येते. पापड, लोणचे, सुकट यांतील मीठ घातक ठरते. आंबवलेली कच्ची कणीक पोटात फुगते. बुरशी आलेली भाकरी, पाव किंवा शेंगदाणे ‘कुत्र्याला चालतील’ म्हणून टाकले जातात, पण बुरशीचे विष कुत्र्याच्या यकृतालाही तितकेच मारक असते. आपण जे खराब म्हणून टाकतो ते त्याच्यासाठीही खराबच.

चुकून खाल्ले तर

काय खाल्ले, किती खाल्ले आणि केव्हा खाल्ले हे लिहून ठेवावे आणि विनाविलंब पशुवैद्यांकडे न्यावे. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. आम्ही तो एक दिवस वाट पाहिली, ती आमची दुसरी चूक. घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, त्याने मिठाची विषबाधा होते. जातकातील ताक-गवताचा उपायही कथेपुरताच ठेवावा.

घास देणाऱ्याची जबाबदारी

रस्त्यावरच्या कुत्र्यांना अन्न देणे हा आता नियमांचाही विषय आहे. मार्च २०२३ च्या केंद्रीय प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळाच्या ठिकाणापासून, जिन्यांपासून आणि प्रवेशद्वारांपासून दूर असावी लागते. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवण्याचे व कुंपण पक्के करण्याचे आदेश दिले. मुलांच्या सुरक्षेपुढे आमचा जिव्हाळा दुय्यम आहे, हे आम्ही मानतो. पालकांसाठी एवढेच सांगावेसे वाटते, की कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. रेबीज झाल्यावर बहुधा कोणी वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

भुरीचे एक पिल्लू वसतिगृहाच्या अधीक्षकांनी तेव्हाच आपल्या घरी नेले. त्यांचे घर शाळेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे आहे. पिल्लाचे नाव मुलांनी ठेवले, टॉबी. त्याला दर वर्षी लस दिली जाते. त्याच्यासाठी आमच्या भोजनगृहात एकच नियम आहे आणि तो स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी घालून दिला आहे. वरण शिजले की फोडणी पडण्यापूर्वी एक वाटी बाजूला काढायची. त्यात मऊ भात कालवायचा आणि आठवड्यातून काही दिवस एक उकडलेले अंडे कुस्करायचे. पंगत बसण्याआधी ती वाटी निघते. ताटात उरलेले काहीही रस्ता ओलांडत नाही.

त्या वाटीची पाळी आठवडाभर दोन मुलांकडे असते. पाळी सुरू होण्यापूर्वी त्यांना ‘कधीही देऊ नये’ ही यादी तोंडपाठ म्हणून दाखवावी लागते. मनुक्यांपाशी कोणी अडखळले तर वरच्या वर्गातली मुले ती आठवण करून देतात, आणि भुरीची गोष्टही सांगतात. ज्याने आम्हाला तो प्रश्न विचारला होता, तो विद्यार्थी आता नोकरीला लागला आहे. तो मेळाव्याला येईल, तेव्हा त्याला उत्तर देता येईल. चांगले म्हणून जे दिले ते तिच्यासाठी चांगले आहे का, हे आम्ही तेव्हा विचारले नव्हते. आता विचारतो.

एप्रिल-मे महिन्यांत या शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत अन्न देण्याची हिंमत किंवा सवड नसली, तरी दाराबाहेर सावलीत पाण्याचे एक पसरट मातीचे भांडे प्रत्येकाला ठेवता येईल. ते रोज घासून, पाणी बदलून ठेवावे. पाण्यासाठी ज्यांच्या पूर्वजांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले, त्यांच्या दारात ते भांडे रिकामे असू नये, एवढीच आमची विनंती आहे.